क्रोशात रंग बदलताना आधीचा रंग डोकावतो. गाठ मारून जोडलं तर चालेल का?

तुमच्या प्रश्नाचा बाकीचा भाग मी एकदाच वाचला. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर लाल बदाम, सगळं मुक्या खांबात (क्रोशाचा बुटका टाका), रंग बदलला की आधीच्या रंगाचा ठिपका पुढच्या खांबाच्या डोक्यावर दिसतो, आणि नको असलेला दोरा आतून न्यायचा की मागे मोकळा सोडायचा ते कळत नाही. ठीक. पण शेवटचं वाक्य, "नवीन रंग सरळ गाठ मारून जोडला तर चालेल का?" हे मी तीनदा वाचलं, आणि गॅसवरची डाळ उतरवून लिहायला बसले.

नाही चालणार.

आमच्या घरात ही गाठ १९९६ पासून चालू आहे. मी भुसावळची, दिली अमळनेरला. त्या वर्षी मे महिन्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस जूनचे. सासूबाईंनी बाळंतविडा काढला: झबली, टोपडी, कुंची त्यांनी स्वतः शिवली आणि दुपटं आम्हा दोघी सुनांवर टाकलं. एक वार लांब-रुंद, खांबाच्या दोन ओळी मोरपंखी, दोन पांढऱ्या. अर्धं जेठाणीने, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊने (तिला मी ताई म्हणते), विणायचं, अर्धं मी, आणि मध्ये जोडायचं. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला छत्तीस ओळी, अठरा पट्टे, सतरा वेळा रंग बदलणं.

मे महिन्यात अमळनेरला लोकर मांडीवर घेऊन बसलाय कधी? सकाळी सातनंतर हात चिकट होतात, दोरा बोटावरून सरकत नाही. आम्ही पावडरचा डबा मध्ये ठेवून विणायचो. वर गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत, दर तासाला कुणीतरी जाऊन कावळे हाकायचे. कूलर लावला की लोकरीचे तंतू नाकात, बंद केला की घाम.

जेठाणीची पद्धत अशी. ओळ संपली की दोरा तोडायचा, पांढऱ्याला मोरपंखीची गाठ मारायची, चार बोटं शेपूट, म्हणजे दोऱ्याचं मोकळं टोक, ठेवून कापायचं, ती शेपटं पुढच्या ओळीत कशीतरी कोंबायची आणि चालू पडायचं. हात विजेसारखा. मी माहेरी शेजारच्या काकूंकडून शिकलेली: पाऊण वीत शेपूट ठेव, गाठ नको, शेवटी सुईने ओवून टाक. एका दुपारी माझं विणून झालं होतं आणि मी उलट बाजूने शेपटं ओवत बसले होते. सतरा बदलांची चौतीस आणि सुरुवातीचं-शेवटचं धरून छत्तीस. ताई गच्चीवरून बिबडे उलटवून खाली आली, पदराने तोंड पुसलं, माझ्या मांडीवर बघितलं आणि म्हणाली, "दोन तास व्हई ग्यात, तू शेपट्याच लपाडी राहिनी. गाठ मारी दे, चाली जाई. उलट बाजूले कोन देखस?"

सासूबाई हसल्या. नणंद हसली. मी नवीन होते, गप्प बसले. पण तेव्हाच दोन्ही अर्धी शेजारी ठेवून बघितली होती. तिच्या अर्ध्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्यात मोरपंखी ठिपके आणि मोरपंखी पट्ट्यात पांढरे. तुम्हाला दिसतात तेच. आता ते का येतात ते सांगते.

खांबाचं डोकं त्या खांबाच्या दोऱ्याचं नसतं. एक मुका खांब पूर्ण झाल्यावर क्रोशाच्या सुईवर जो लूप उरतो, तो पुढच्या खांबाच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे लाल खांब पूर्ण करून मग पांढरा दोरा घेतलात तर पहिल्या पांढऱ्या खांबाला लाल टोपी येणारच. म्हणून रंग एक पाऊल आधी बदलायचा. शेवटच्या लाल खांबात सुई घाला, लाल दोरा ओढून घ्या, सुईवर दोन लूप झाले. इथे थांबा. लाल सोडा, पांढरा सुईवर घ्या आणि दोन्ही लूपमधून पांढराच काढा. खांब लाल दिसतो, सुईवरचा लूप पांढरा, पुढचा खांब डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मोठ्या खांबातही हेच, शेवटचे दोन लूप उरले की बदला. ओळीच्या टोकाला बदलायचं असेल तरी मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबातच बदलायचं, वळून साखळ्या घालण्याआधी.

आता बघा, गाठ मारलेल्या दोऱ्यात हे जमेल का? गाठ कुठे येऊन पडेल ते तुमचा ताण ठरवतो, तुम्ही नाही. कधी अर्धा खांब आधी, कधी अर्धा नंतर, आणि वर तो दाणा पुढच्या बाजूला उगवतो. तुमच्या बदामात एका ओळीत दोन-तीनदा रंग बदलणार, म्हणजे दर ओळीला तेवढे दाणे. उशीवर गाल ठेवून बघा मग. विणून झाल्यावर मागे दोन शेपटांची गाठ मारणं वेगळं, त्याने ठिपका येत नाही; पण तीही मला आवडत नाही.

दुपट्याची गोष्ट इथे संपली असती तर मी गप्प बसले असते. लग्नानंतर पाचेक वर्षांनी आम्ही परत भुसावळला आलो, रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथे संध्याकाळी बायका ओट्यावर विणायला बसायच्या. मी दुपट्याचा किस्सा तावातावाने सांगितला, शेपटं, गाठी, सगळं. एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, "पण तुम्ही तोडलंत कशाला?"

दोन-दोन ओळींचा पट्टा असेल तर दोन ओळींनी तुम्ही परत त्याच कडेला येता, जिथे आधीचा दोरा लोंबतोय. तो न तोडता कडेने वर उचलायचा, सैलसर, आणि शेवटी सगळ्या कडेला मुक्या खांबाची एक ओळ फिरवायची. उचललेले दोरे तिच्यात झाकले जातात. सतरा बदलांना चार शेपटं, बस्स. म्हणजे ताईच्या सतरा गाठी आणि माझे दोन तास, दोन्ही फुकट. (एकेका ओळीचा पट्टा असेल तर हे जमत नाही, दोरा पलीकडच्या टोकाला राहतो.) मी पुढच्या वेळी अमळनेरला गेले तेव्हा ताईला हे करून दाखवलं. तिने बघितलं, "हं" म्हणाली, आणि पुढचं तोरण परत गाठी मारून केलं.

तुमच्या बदामाचं. मागे मोकळा दोरा सोडू नका, अभ्रा काढता-घालताना बोटं अडकतात. आतून न्यायचं म्हणजे आधीच्या ओळीच्या माथ्यावर दोरा आडवा ठेवून त्याच्यावरून खांब विणायचे. चार-पाच खांबांपुरतं हे छान. पण लाल दोरा पांढऱ्या खांबांच्या पोटातून पूर्ण रुंदीभर नेलात तर पांढऱ्याला गुलाबी झाक येणार, कितीही घट्ट विणा. म्हणून पांढऱ्याचे दोन गुंडे घ्या, बदामाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि लाल मध्ये. खालच्या टोकापासून सुरू करा. वर खाचेपाशी आलात की लालचे दोन भाग होतात, तिथे आणखी एक लाल लागेल, आणि मधल्या पांढऱ्यासाठी एक तुकडा. छोटे तुकडे कपड्यांच्या चिमट्यांवर गुंडाळा, चिमटा लावला की सुटत नाही. गुंता होतोच, दर ओळीला वळताना सोडवायचा. आणि एक चूक सगळ्या जणी करतात: उलट बाजूची ओळ विणताना सोडलेला दोरा स्वतःच्या बाजूला आणायचा असतो, कारण तेव्हा उलट बाजू तुमच्यासमोर आहे. नाहीतर तो सुलट बाजूला आडवा पडलेला दिसतो.

शेपटं ओवायची तर मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्या. एकदा पुढे पाच-सहा खांबांच्या पोटातून, मग एक धागा सोडून मागे, मग परत पुढे. लाल लालमध्येच, पांढरं पांढऱ्यातच. एकाच दिशेने ओवलेलं शेपूट निसटतं.

हे शेवटचं मला कसं माहीत, तेही सांगून टाकते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदेची लेक आली होती, तीच, जिच्यासाठी दुपटं केलं. आता तिला दिवस गेलेत. दुपटं पिशवीतून काढलं आणि म्हणाली, मामी, हेच वापरणार, जरा बघून द्या. ओसरीवर उलटं पसरलं. पांढरं पार सायीसारखं झालेलं, मोरपंखी मात्र तसंच. ताई चष्मा लावून वाकली, मीही. तिच्या सतरा गाठींपैकी दोन सुटलेल्या, कडेला बोट जाईल एवढी भोकं. मी काही बोलायच्या आत ती माझ्या बाजूला सरकली आणि एक शेपूट चिमटीत धरून वर केलं. "हाई देख. तुनी भाईर निंघनी." निघालेलं होतं, अर्धा इंच. तेव्हा मी एकाच दिशेने ओवायचे.

मी म्हटलं, माझं एक, तुझी दोन. आणि माझ्या बाजूला भोक नाही.

"तीस वरीस टिकनं ना?"

मी सुई मागितली. तिला आता नेढं दिसत नाही, तरी तिनेच हट्टाने ओवून दिली, चार वेळा दोरा चाटून. मी आधी तिची दोन भोकं बुजवली, मग माझं शेपूट तीन दिशांना फिरवलं. ती शेजारी बसून म्हणत होती, आता तरी गाठ मार. मारली नाही.

दोन गोष्टी राहिल्या. सुती दोरा असेल तर शेपूट पाऊण नाही, पूर्ण वीतभर ठेवा, सूत लोकरीपेक्षा गुळगुळीत असतं. आणि लाल सूत पांढऱ्याशेजारी घेण्याआधी वीतभर तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओला करून ठेवा. रंग सुटला तर बदाम सफाईने विणूनही अभ्रा गुलाबीच होईल. व्हिडिओत दोन टोकं थुंकी लावून तळहातावर चोळून जोडतात, तेही करायला जाऊ नका. ते खऱ्या मेंढीच्या लोकरीत होतं, आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून बहुतेक ॲक्रिलिक मिळतं, ते कितीही चोळा, चिकटत नाही. एकाच रंगात गुंडा संपला आणि घाई असेल तर गाठ मारा, मला काही नाही. ताईला मात्र हे सांगू नका.