मुंग्यांच्या रांगेत ट्रॅफिक जॅम का होत नाही?

तुम्ही विचारलंय की भिंतीवर शेकडो मुंग्या समोरासमोर येतात-जातात तरी अडकत कशा नाहीत, त्यांच्यात कोणी ट्रॅफिक हवालदार असतो का, आणि ही रांग घालवायची कशी. हवालदार कोणी नसतो. राणी पण नाही, ती बिचारी अंडी घालण्यात गुंतलेली, हुकूम वगैरे काही सोडत नाही.

मी रोज स्कूटीवर नाशिकच्या जॅमसाठी प्रसिद्ध द्वारका चौकातून ऑफिसला जाते, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे 😄 मागच्या सीझनला सासूबाईंनी गच्चीवर घरच्यापुरते बेदाणे करायला दोन ताटं द्राक्षं वाळत घातली आणि तासाभरात पाण्याच्या टाकीपासून ताटापर्यंत काळ्या मुंग्यांची लाईन लागली. मी कपडे वाळत घालायला गेले होते ती तिथेच उकिडवी बसून राहिले. जाणाऱ्या मुंग्या सुटसुटीत, येणाऱ्यांची पोटं रसाने फुगून उन्हात चमकत होती. समोरासमोर आल्या की मिशांनी क्षणभर चाचपायचं, एकीने किंचित बाजूला व्हायचं, की पुढे. मग मी खोडी म्हणून ओल्या बोटाने मधली दोनेक इंच लाईन पुसली. दोन्हीकडच्या मुंग्या तिथे येऊन थबकल्या, गोल गोल फिरायला लागल्या, मागून येणाऱ्यांची गर्दी झाली आणि म्हटलं चला, झालं यांचं पण द्वारका! पण एक-दोघी चाचपडत पलीकडे गेल्या आणि थोड्याच वेळात लाईन परत जशीच्या तशी.

म्हणजे रस्ता असतो तो वासाचा. खाऊ मिळालेली मुंगी परत येताना पोट जमिनीला टेकवत वासाचे ठिपके सोडत येते, दुसरी त्यावरून जाते, तिलाही मिळालं तर ती पण सोडते, असा वास दाट होत जातो. खाऊ संपला की नवीन वास कोणी सोडत नाही, जुना उडून जातो, रस्ता बंद.

आता जॅमचं. फ्रान्समधल्या तुलूझच्या शास्त्रज्ञांचा 2019 चा प्रयोग आहे. त्यांनी अर्जेंटाइन मुंग्यांचं वारूळ आणि खाऊ यांच्यामध्ये 5 ते 20 मिलिमीटर रुंदीचे पूल टाकले आणि 400 पासून 25,600 पर्यंत मुंग्यांच्या वसाहती घेऊन तब्बल 170 वेळा हे करून पाहिलं. माणसांची गर्दी साधारण 40 टक्के जागा भरली की मंदावायला लागते, पण इथे पुलाची 80 टक्के जागा मुंग्यांनी भरली तरी जॅम नाही. कारण फार गर्दी झाली की त्या थांबून एकमेकींना चाचपत बसत नाहीत आणि मागच्या मुंग्या पुलावर चढायच्याच थांबतात. आपण सिग्नल सुटायच्या आधी नाक घुसवतो, त्या घुसवत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे पण यावर काम झालंय बरं का. आयआयटी कानपूरचे देबाशीष चौधरी आणि त्यांच्या जर्मन-जपानी सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एकाच दिशेने चाललेल्या मुंग्यांच्या रांगा मोजल्या, तर गर्दी वाढली तरी सरासरी वेग जवळपास तेवढाच राहिला. हायवेवर असं कधी पाहिलंय का?

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच, किती जणींनी बाहेर पडायचं हे वारुळाच्या दारातच ठरतं. स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन वाळवंटातल्या दाणे गोळा करणाऱ्या लाल मुंग्यांवर कितीतरी वर्षं काम करतायत (ही जात वेगळी, आपल्या गच्चीवरची नाही). तिथे बाहेर जाणारी मुंगी दाराशी थांबून राहते. दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्या पटापट भेटायला लागल्या की निघते, नाहीतर आतच. दाणे भरपूर असतील तर शोधायला वेळ कमी लागतो म्हणून परतणाऱ्या लवकर येतात, म्हणून जास्त जणी निघतात. 2012 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या कॉम्प्युटरवाल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इंटरनेटवर डेटा किती वेगाने सोडायचा हे पण साधारण असंच ठरतं, पोच लवकर आली तर जास्त सोडा, उशिरा आली तर हात आखडता घ्या.

घालवायचं म्हणाल तर नुसत्या मुंग्या झाडून उपयोग नाही, वास तसाच राहतो. साबणाच्या पाण्याने पूर्ण रस्ता पुसा आणि मुख्य म्हणजे खाऊ उचला. आमच्याकडे खाऊ उचलणं शक्य नव्हतं, म्हणून सासूबाईंनी परातीत पाणी घालून त्यात डबे उभे केले आणि वर ताटं ठेवली. दोन दिवस एकही मुंगी नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या वाळत घातलेल्या ओढणीचं टोक ताटाला टेकलं होतं आणि लाईन दोरीवरून ओढणीवर, ओढणीवरून द्राक्षांत. बोलणी मी खाल्ली.