ठाण्यातून इतके गायक, नट का घडतात?

'पाण्याचा गुण' म्हणून सोडून देऊ नका, कारणं समोर दिसतात. १९७८ साली तलावपाळीच्या काठावर गडकरी रंगायतन हे नाट्यगृह उभं राहिलं आणि दर नाटकासाठी दादर गाठायची गरज संपली. पोरं शाळेच्या वयातच विंगेत जाऊन उभी राहू लागली. मोठी माणसंही गावातलीच: गायक पं. राम मराठे ठाण्यात राहायचे, गीतकार पी. सावळाराम तर इथले नगराध्यक्ष होते.

पण माझ्या मते खरी मेहनत नौपाड्यातल्या लहान खोल्यांत होते. आमच्या तबल्याच्या क्लासमध्ये सर पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरून फिरून येणारी धून, धरायचे आणि आम्ही चौघं आळीपाळीने कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, वाजवायचो. हात चुकला तरी थांबायचं नाही, पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडायची. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "आज दुगुणीत (दुप्पट लयीत) घाई झाली हो तुझी." असे कान शेजारी असले की मूल तयार होतंच.

आता घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, त्यामुळे काम शोधणारी बाहेरची मुलंही ठाण्यातच खोली घेतात.