नेव्हिगेट: नाव हाका, ‘नवगती’ नको

गुहागरच्या एका संगणक शिक्षिकेचा प्रश्न आहे. आठवीच्या मुलांना जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना ‘बटण क्लिक केलं की पुढच्या एलिमेंटवर (म्हणजे पानावरच्या पुढच्या घटकावर) नेव्हिगेट करा’ हे मराठीत कसं लिहावं? ‘टिचकी’ आणि ‘मार्गक्रमण’ चालतील का?

टिचकी नको. टिचकी अंगठ्याला बोट अडवून मारतात, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो तशी. शिवाय बटणावर फोकस असताना एंटर किंवा स्पेस दाबली तरी ‘क्लिक’ हीच घटना घडते. तिथे कसली टिचकी? ‘बटण दाबलं’ म्हणा, विषय संपला.

‘नेव्हिगेट’ हा शब्द निघाला मात्र, की कुणीतरी छाती पुढे काढून सांगतंच, ‘मूळ संस्कृत नवगती!’ परवा एका व्याख्यानात हेच फळ्यावर लिहिलेलं पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ‘नवगती’ म्हणजे नवी गती. त्यात नाव कुठून आली? नाव हवी तर ‘नौगती’ व्हायला हवं होतं.

खरं मूळ लॅटिन. ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. ‘नाविस’ आणि आपलं ‘नौ’ एकाच कुळातले. ‘आगेरे’ आणि संस्कृत ‘अज्’ धातूही तसेच. ‘अजति’ म्हणजे हाकतो. पण ही भावंडं आहेत! ताई, तुमची मुलं पॅरेंट-एलिमेंट (ज्याच्या पोटात आपला एलिमेंट आहे तो, म्हणजे बाप) आणि नेक्स्ट-एलिमेंट-सिब्लिंग (त्याच बापाच्या पोटातला पुढचा, म्हणजे भावंड) यांतला फरक शिकतात ना? हे विद्वान भावंडाला बाप म्हणतात. कोडमध्ये असं केलं तर भलताच एलिमेंट हाती येईल.

‘नाविस’ आणि ‘नौ’ यांचं तिसरं भावंड फारसीतलं ‘नाव’. तिला ‘खुदा’ म्हणजे धनी जोडला की ‘नाखुदा’, आणि तोच आपला नाखवा, होडीचा धनी. सुकाणू मात्र या घरचं नाही, ते अरबी ‘सुक्कान’वरून आलं.

आणि ते ‘हाकणे’! आपण बैल हाकतो, गाडी हाकतो आणि होडी हाकारतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटेच्या काळोखात होडी सुटताना उभे राहा. दोर सुटतो, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सुकाणूवर असतो, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या हाका. माझं ठाम मत आहे की ‘हाकारणे’ त्या हाकेतूनच आलं. रोमन माणसाने नाव जनावरासारखी हाकली, कोकणातल्या माणसानेही हाकली, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. ‘मार्गक्रमणा’त हे काहीच नाही. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, तो पायी चालणाऱ्याचा शब्द.

तुमचं वाक्य राहिलंच: ‘बटण दाबलं की पुढच्या भावंडाकडे जा.’ फक्त कोडमध्ये मुलांना नेक्स्ट-एलिमेंट-सिब्लिंगऐवजी नुसतं नेक्स्ट-सिब्लिंग वापरू देऊ नका. दोन टॅगांच्या मध्ये नवी ओळ असली, तर ती मोकळी जागाच भावंड म्हणून हाती येते.