काकूंनी बेल वाजवणं बंद केलंय

पत्र असं आलंय:

"मावशी, नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, चार मजली बिल्डिंग, सोळा फ्लॅट. आमच्या समोरच्या दारात एक काकू राहतात, वय ७६, गणिताच्या शिक्षिका होत्या. काका २०२१ ला करोनात गेले, मुलगा बंगळुरूला असतो. तेव्हापासून काकूंचं जवळपास सगळं मीच बघते, गोळ्या, सिलेंडर, लाईट बिल, बँक, दवाखाना. मी अंबडला कंपनीत अकाउंटला आहे, मिस्टर शिफ्टमध्ये, पोरगा सातवीत. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी नुकतीच घरी आले होते, डोकं ठणकत होतं आणि बेल वाजली. मी पोराला म्हटलं, सांग आई झोपलीये. काकू बरं म्हणून गेल्या. बाथरूमचा बल्ब गेला होता, तेवढंच सांगायला आल्या होत्या. रात्री अंधारात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, पहाटे दूधवाल्याला हाक मारेपर्यंत तशाच पडून होत्या. त्यांच्या मुलाचा फोन आला, म्हणाला, तुम्ही समोरच होतात ना? आता प्लास्टर आहे, एक बाई दोन तास येते, मी डबा देते. पण काकू काहीच मागत नाहीत, बेल वाजवतच नाहीत. मी वाईट आहे का? परत सगळं अंगावर घेऊ का आता थोडं लांबच राहू? — समोरच्या दारातली"

अगं, आधी त्या बेलचं बघू, बाकीचं नंतर.

काकूंनी आयुष्यभर वर्ग सांभाळलेत. गृहपाठाची वही घरी विसरलो असं सांगणारी पोरं त्यांनी किती बघितली असतील. तुझ्या सातवीतल्या पोराने दारात उभं राहून आई झोपलीये म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं असणार की तू जागी आहेस. आणि कळूनही त्या बरं म्हणून गेल्या. म्हणजे पडायच्या आधीच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपला त्रास होतोय हिला, आता नको. म्हणून बेल वाजत नाहीये. तुला वाटतंय त्या रागावल्यात, मला वाटतं त्या लाजल्यात, आणि एकट्या बाईचं लाजणं रागापेक्षा वाईट, कारण राग आला की माणूस निदान बोलतं तरी, लाजलेलं माणूस गप्प राहून अंधारात चाचपडत जातं.

तू वाईट आहेस का विचारतेस. नाहीस. पण इथे दोन गोष्टी एकात गुंतल्यात त्या वेगळ्या कर. एक म्हणजे तू खोटं बोललीस आणि ते पोराच्या तोंडून बोललीस. ती चूक तुझी, लहान आहे पण तुझी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काकू पडल्या. ती तुझी चूक नाही. ओली फरशी, धरायला भिंतीला काही नाही, रात्रीचं उठणं, आणि बीपीची गोळी चालू असेल तर पटकन उठलं की चक्कर येते ती वेगळीच. हे सगळं बल्ब जायच्या आधीपासून तिथे होतं, बल्ब चालू असता तरी एक दिवस हे झालं असतं अशी ती बाथरूम आहे.

तर पहिल्या गोष्टीची माफी माग. डबा द्यायला जातेस तेव्हा दारात उभ्याउभ्या नको, आत जाऊन बस आणि सरळ सांग, काकू त्या दिवशी मी जागी होते, खूप दमले होते म्हणून पोराला खोटं सांगायला लावलं, चुकलं माझं. एवढंच. बाकी ऑफिसचं टेन्शन, डोकेदुखी वगैरे लावू नकोस, लावलंस की त्याच तुझी समजूत काढत बसतील आणि त्यांचं राहून जाईल. आणि पोराला घेऊन जा बरं का. बारा-तेरा वर्षांचं पोर आहे, त्याला माहितीये त्याने काय सांगितलं आणि रात्री काय झालं, तो तुला बोलला नसेल पण त्याच्या डोक्यात ते आहे. त्याच्यासमोर तू म्हटलंस की मी सांगायला लावलं, तर त्याच्या पोटातला दगड जाईल.

आता दुसरा प्रश्न, परत सगळं अंगावर घेऊ का लांब राहू. दोन्ही नको.

मी पंचवटीतल्या वाड्यात वाढले, नऊ बिऱ्हाडं आणि अंगणात एक नळ. वाड्यात सगळे कसे एकमेकांना धरून असायचे हे आजकाल लोक फार सांगतात, होतेही, पण मी एक वेगळं पण बघितलंय. १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला होता. पाणी किती चढलं हे नाशिकमध्ये नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बघतात, त्या वेळी मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता. मी तिसरीत होते. आमच्या वाड्यात पाणी शिरायला लागलं तशी सगळ्यांची धावपळ, पोरं, गाद्या, धान्याचे डबे, देव, सगळं उचलून उंचावरच्या ओळखीच्यांकडे. तिथे पोचल्यावर रात्री माझ्या आजीच्या लक्षात आलं की मागच्या खोलीतल्या एकट्या म्हातारीला कोणी आणलंच नाहीये. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने आणलं असेल. मनाने वाईट त्यातलं एकही माणूस नव्हतं ग, सगळे तिला रोज भाजी-आमटी देणारे. माझे काका आणि अजून दोघे कमरेएवढ्या पाण्यातून परत गेले, म्हातारी माळ्यावर चढून बसली होती, हातात जपमाळ, जिवंत. त्यानंतर वाड्यातल्या थोरल्या माणसाने ठरवून दिलं, म्हातारीचं नाव अमक्या बिऱ्हाडाकडे, आणि ते गावाला गेले तर तमक्याकडे. नाव घेऊन. पुढे ती म्हातारी गेली तोपर्यंत ते तसंच चाललं.

तुझ्या बिल्डिंगमध्ये आत्ता काय आहे बघ, बाकीच्या चौदा घरांना वाटतंय समोरची बघते ना. खरंच आहे, तू बघतेस, म्हणून ते बघत नाहीत. तू दमलीस हे त्यांना कळणार कसं, तू सांगितलंच नाहीस ना कोणाला.

म्हणून आता सांग. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस, तिथे हात जोडलेले येतील, काळजी घ्या काकू येईल आणि संपलं. दार वाजवून जा, आणि काकूंना मदत हवीये असं मोघम सांगू नकोस, एकाला एकच काम माग, तेही लहान. तुमच्याकडे सकाळी फिरायला जाणारे कोणी रिटायर्ड काका असणारच, त्यांना सांग, जाताना काकूंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी अजून लटकलेली दिसली तर बेल मारा, आणि उघडलं नाही तर मला फोन करा. एवढंच काम, पण परत असं झालं तर तासन्‌तास पडून राहायची वेळ तरी येणार नाही. भाड्याने कॉलेजची पोरं राहत असतील, त्यांच्याकडे सिलेंडर सरकवणं, बल्ब, पंख्यावरची धूळ, असलं चढायचं-उचलायचं. काकूंना स्टुलावर चढायची बंदी, ही तूच सांग. खालच्या मजल्यावरची कोणी घरी असणारी असेल तिला आठवड्यातून दोनदा केसांचं सांग.

केसांचं मुद्दाम लिहितेय. उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे वेणी घालता येत नाही, साडी नेसता येत नाही, पोहे हलवता येत नाहीत, चहाचं पातेलं एका हाताने गाळता येत नाही. जन्मभर कडक इस्त्रीच्या साडीत शाळेत गेलेली बाई आता गाऊनवर आहे म्हणून दार उघडायला संकोच करते. कामाची बाई दोन तासांत भांडी-लादी करून जाईल, वेणी कोण घालणार? कोणीतरी गप्पा मारत तेल लावून दिलं तर ते डब्यापेक्षा जास्त पोचतं. प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं, तोपर्यंत बोटं हलवत राहायला सांग, नाहीतर काढल्यावर हात आखडतो, किती आणि कसं ते डॉक्टरांना विचारा. आणि या वयात नुसतं घसरून हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, पुढच्या तपासणीला तेही विचारा आणि बीपीच्या गोळ्यांचंही. ही तपासणी तुझ्या सुट्टीवर टाकू नकोस, काकूंच्या मुलाने यायचंय त्या दिवशी.

त्याच्यावर येते. त्याचं ते "समोरच होतात ना" तुझ्या जिव्हारी लागलंय आणि लागणारच. पण तो घाबरून बोललाय, हजार किलोमीटरवर बसून आई रात्रभर फरशीवर पडून होती हे ऐकल्यावर माणसाला काय बोलावं सुचत नाही. त्याला सोड म्हणत नाहीये मी. रविवारी निवांत फोन कर आणि सांग, दादा, मी चार वर्षं बघतेय आणि पुढेही बघेन, पण शेजारीण म्हणून, एकटीने सगळं मला झेपत नाही, तर हे हे तुम्ही करायचंय. मग यादी दे. बाथरूममध्ये कमोडजवळ आणि नळाजवळ धरायला स्टीलचे दांडे, घसरणार नाही अशी मॅट, आणि कडी अशी की बाहेरूनही उघडता येईल. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर चालणारा छोटा दिवा. गळ्यात अडकवायचा साधा मोबाईल, पडल्यावर टेबलावरचा फोन काही कामाचा नाही. कामाच्या बाईचे दोनाचे चार तास. पैसे त्याचे, प्लंबर-इलेक्ट्रिशियन तू फक्त ओळखीचा सांग. आणि त्याने रोज रात्री ठरलेल्या वेळी आईला स्वतः फोन करायचा, तुला "आई फोन उचलत नाही जरा बघता का" असा फोन फक्त त्या वेळेला उत्तर नाही मिळालं तर. हा फोन तुला अवघड जाईल मला माहितीये, पण तू न बोलता दोन वर्षांनी तुटून लांब गेलीस तर काकूंचं जास्त नुकसान आहे.

बँकेचं काम तू करतेस लिहिलंयस, तिथे जरा सांभाळून. एटीएमचा पिन, ओटीपी तुझ्याकडे नको, कितीही विश्वास असला तरी नको, उद्या कुठे शंभर रुपयांचा घोळ झाला तर नातं जातं. जे पैसे तुझ्या हातातून जातात ते एका वहीत, काकूंच्या समोर, त्यांच्या घरीच ती वही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय की सत्तरीच्या पुढच्यांना पैसे काढणं-भरणं वगैरे घरपोच द्यायचं, शाखेत जाऊन विचारा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो पोस्टमन घरी येऊनही करून देतात, त्यासाठी काकूंना रिक्षाने रांगेत नेऊन बसवू नकोस.

चावी दोन घरात ठेवा, तुझ्याकडे आणि दुसऱ्या मजल्यावर कुठेतरी, एकाच घरात नको. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा मोठ्या अक्षरात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कसली अॅलर्जी आहे का, डॉक्टरांचा नंबर, मुलाचा नंबर, दोन शेजाऱ्यांचे नंबर, अॅम्ब्युलन्स १०८. चावी घेऊन जो कोणी आत जाईल त्याला शोधाशोध नको. परत कधी पडल्या आणि कंबर किंवा मांडी दुखतेय म्हणाल्या, पाय हलवता येत नसेल, तर चौघांनी धरून उचलायची घाई करू नका हे सगळ्यांना सांगून ठेव. तसंच झोपू द्यायचं, अंगावर पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन. आणि अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो, एक मिनिट थांबायचं नाही, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून पहिला प्रश्न हाच असतो की शेवटचं बरं कधी बघितलं होतं. सकाळी दुधाची पिशवी बघणाऱ्या काकांना हेही सांग, त्यांना कळेल त्यांचं काम लहान नाहीये.

अजून एक, आणि हे मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. चार वर्षं तू देतेस आणि काकू घेतात. घेणाऱ्याला ते जड होत जातं ग, सारखं कोणाच्या तरी उपकारात राहायचं, म्हणून तर त्या एका "झोपलीये"वर मागे फिरल्या. त्यांना काहीतरी देऊ दे. पोरगा सातवीत, समोर गणिताच्या बाई, आणि तू त्याला कुठल्यातरी क्लासला पाठवत असशील. संध्याकाळी एक तास काकूंकडे पाठव. त्यांना लिहिता येणार नाही सध्या, उत्तमच, ते लिहील आणि त्या तोंडी सांगतील. पण मागताना काकूंना सोबत म्हणून पाठवतेय असं मनात ठेवून मागू नकोस, खरंच गरज आहे म्हणून माग, त्याचे मार्क आण, दाखव, कुठे अडतंय सांग. आणि त्या शिकवतील तसं शिकू दे, मधे मधे जाऊन बघू नकोस. तुलाही घरी आल्यावर तो एक तास मिळेल, कोणाशी न बोलता नुसतं पडून राहायला. तुला तो हवाय, तुझ्या पत्रात तू तो कुठेच मागितलेला नाहीस. आणि त्या तासात बेल वाजलीच तर दार उघडून सरळ म्हण, काकू आज फार दमलेय, अर्ध्या तासाने येते. त्यांना ते चालेल.

बाथरूमचा बल्ब नंतर कोणी लावला का हे तू लिहिलं नाहीस. आज घरी येताना फाट्यावरून एलईडी बल्ब घे, दोन घे, एक त्यांच्या कपाटात जास्तीचा राहू दे. आणि बेल वाजव, तू त्यांची.

— मावशी