वाचक विचारतात : आखूड सर्व्हिसचा पिंजरा

प्रश्न : ‘हायक्यू!! द डम्पस्टर बॅटल’ हा २०२४ चा जपानी ॲनिमेशनपट पाहिल्यापासून आमच्या शाळेच्या व्हॉलीबॉल संघाला झटपट स्मॅशचं वेड लागलंय. पण समोरून आखूड सर्व्हिस आली की आमचा मधला स्मॅशर अडकतो. चित्रपटात नेकोमा शाळेच्या संघाने कारासुनो शाळेच्या हिनाताला असंच कोंडलं होतं. यातून सुटायचं कसं?
– क्रीडाशिक्षक, सिडको, नाशिक

उत्तर : सर, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत. नेकोमाच्या लिफ्टरने (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूने), केन्माने, हिनाताच्या उडीला हात लावला नाही, उडीआधीची धाव मोडली. स्मॅशला तीन पावलांची, म्हणजे साधारण तीन मीटर मोकळी वाट लागते. चेंडू जाळ्यापासून तीन मीटरवरच्या रेषेच्या आत पडला की मधला खेळाडू तो उचलायला वाकतो. तो सावरेपर्यंत चेंडू लिफ्टरच्या हातात पोचलेला असतो. मग जाळ्यापाशी उभ्याउभ्या मारलेला स्मॅश ब्लॉकवर आपटतो.

आखूड चेंडू कोण घेणार, हे सर्व्हिसआधीच ठरवा. शक्यतो बाजूच्या स्मॅशरने दोन पावलं आत येऊन घ्यावा आणि मधल्याने वाट सोडावी. खरी गडबड दोघंही थबकतात तेव्हा होते, म्हणून घेणाऱ्याने ‘माझा’ असं मोठ्याने ओरडलंच पाहिजे.

मधल्यालाच घ्यावा लागला, तर पास उंच हवा, जमिनीपासून साडेचार मीटर तरी. त्याने सुमारे दीड सेकंद हाताशी येतो. तेवढ्यात रेषेपर्यंत मागे सरकायचं आणि पुन्हा धाव घ्यायची. लिफ्टरनेही अशा वेळी झटपट चेंडूचा हट्ट सोडून उंच चेंडू द्यावा. कारासुनोचा लिफ्टर कागेयामाने हिनाताला तसाच दिला आणि त्याची पूर्ण उडी परत मिळाली. मुलांना तो प्रसंग थांबवून थांबवून दाखवा.

आखूड चेंडू उचलताना मुलं हात झुलवतात, म्हणून पास थेट जाळ्यापलीकडे जातो. एक पाय पुढे, गुडघा खोल, हात जवळजवळ जमिनीला समांतर आणि स्थिर. उचल गुडघ्यातून यावी. रोज अशा वीस सर्व्हिस टाकून घ्या. पास करून, मागे जाऊन मारलेला स्मॅशच मोजायचा. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी मैदानावर दव असतं, तेव्हा चेंडू प्रत्येक रॅलीनंतर पुसा. चित्रपटातल्या त्या सामन्याचा शेवटचा गुणही घामाने ओला झालेला चेंडू केन्माच्या बोटांतून निसटल्यानेच गेला.

प्रश्न : शेजारच्या शाळेशी आमची जुनी चुरस आहे, पण आता मुलं एकमेकांशी बोलतही नाहीत. काय करू?
– संघाची कर्णधार, नाशिकरोड

उत्तर : कावळे आणि मांजरं, म्हणजे कारासुनो आणि नेकोमा, सराव सामने आणि टोकियोतल्या शिबिरात एकत्र खेळून राष्ट्रीय स्पर्धेत भिडले होते. एकमेकांच्या सवयी पाठ असल्यामुळेच तो सामना इतका रंगला. तुमच्या सरांमार्फत त्या शाळेला महिन्यातून एक एकत्र सराव सुचव. पहिला सेट दोन्ही शाळांच्या मिश्र संघांचा ठेव आणि तुमची लिफ्टर त्यांच्या स्मॅशरसोबत खेळव. दुसरा सेट आपापल्या संघांचा, पण २०-२० पासून सुरू करायचा, म्हणजे प्रत्येक चेंडू अटीतटीचा होतो. शेवटी दहा मिनिटं गोल करून बसा. ‘तुमच्या मैदानात मोकळी जागा कुठे दिसत होती’, हे समोरच्या लिफ्टरला विचार आणि तिने विचारलं तर तूही खरं सांग.