मोजदाद कशाची, परिणाम कशाचा

एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंनी विचारलंय: ‘वार्षिक अहवालात इम्पॅक्टला प्रभाव म्हणावं की परिणाम? आणि वाचनालयानं, संग्रहालयानं हे मोजायचं तरी कशाला?’

‘प्रभाव’ नको, ताई. प्रभाव पुढाऱ्यांचा पडतो, शनीचाही पडतो म्हणतात. हल्ली जो तो ‘प्रभाव निर्माण करतोय’, ऐकून कान किटले. परवा तर गंगापूर रोडवरच्या एका कार्यक्रमात निवेदक म्हणाला, ‘संस्थेच्या सामाजिक प्रभावाची मोजदाद करूया.’ तिथून मी चहा न घेताच उठलो.

मोजदाद म्हणजे ‘मोजून दाद देणे’ नव्हे. मूळ अरबी ‘मौजूदात’, फारसीमार्गे आलेला. मौजूद म्हणजे हजर. जे जे हजर त्याची गणती, लष्करात माणसांची नि घोड्यांची हजेरी, ती मोजदाद. घोडा लढला की नुसता चंदी खाऊन उभा राहिला, हे ती विचारत नाही! ‘मोजणे’ हे क्रियापदही याच मौजूदातून निघालं असावं, हा माझा जुना लाडका तर्क. एक प्राध्यापक मित्र नाक मुरडतात: आधी मोजणे, मग मोजदाद. मग शेपटाला ते ‘दाद’ कुठून चिकटलं, ते त्यांनी सांगावं. चार वर्षं झाली, सांगत नाहीत. भाषाशुद्धीवाले ‘परिगणना’ लिहा म्हणतात. भगूरच्या सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ मी आनंदानं वापरतो, पण मोजदादीला हात लावू देणार नाही.

तर अहवालात सभासद इतके, ग्रंथ इतके, देवघेव इतकी, ही झाली मोजदाद. आता अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षेचा मुलगा घ्या. पुस्तकं घरून आणतो, सकाळी येऊन पंख्याखालची जागा धरतो, रात्री कुलूप लागताना उठतो. देवघेवीच्या वहीत त्याचं नाव नाही. घरी एकच खोली असलेल्या त्या पोराचं वाचनालयामुळे काय झालं, ते कुणी लिहीत नाही. उद्या अनुदानाला कात्री लागली की तुम्ही ग्रंथसंख्या पुढे कराल, आणि समोरचा म्हणेल, हल्ली वाचतं कोण?

कुणाचं काय झालं ते लिहिणं, हे काही परदेशी खूळ नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्यानं 3000 कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. 2000 दरमहा शेकडा एक दरानं, 1000 शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसती ‘वढी’, म्हणजे व्याज, भोगायची. (ही वढी म्हणजे वृद्धी, आपल्या वाढीदिढीतली वाढी. लेण्यात भेटली तेव्हा मी एकटाच हसलो.) पहिल्या ठेवीची वढी वर्षाला 240, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. करा गुणाकार! दान किती, एवढ्यावर तो थांबला नाही. कुणाच्या अंगावर वस्त्र चढणार तेही कोरलं. शिवाय निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून नोंदवलं.

हां, प्रभाव की परिणाम? परिणाम. परि अधिक नम्, म्हणजे पालटणं; सांख्य तत्त्वज्ञांचा दाखला आठवा, दूध पालटून दही होतं तो. दही लागलं का, ते लिहा. पातेली किती, ते मोजदादीच्या रकान्यात. आणि तो रकाना ‘मोजदात’ असा छापू नका, मागच्या अहवालात तसा छापलाय. मुळात ‘त’ असला तरी आपल्या तोंडी ‘द’च बसलाय.