आकडा पटला नाही की मशीन खराब

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. ग्लुकोमीटरवर साखर वाढलेली दिसली की ‘मशीन बिघडलंय’ म्हणत लगेच दुसरी पट्टी लावतात. आकडा कमी आला की खूश होऊन मशीन डबीत ठेवतात. ते स्वतःशीच खोटं बोलतात असं मला वाटतं. पण खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं. मग एकाच माणसाला तीच गोष्ट ठाऊक आहे आणि नाहीही, हे कसं जमतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : तत्त्वज्ञान नेमकं इथेच अडतं. थाप मारायची तर मारणाऱ्याला सत्य माहीत हवं आणि ऐकणाऱ्याला नको. दोघे एकच असले तर थाप पचणार कशी? अमेरिकी तत्त्वज्ञ आल्फ्रेड मेली यांचं उत्तर आम्हाला सर्वांत पटतं : इथे कुणी कुणाला थाप मारतच नाही. मनातली इच्छा फक्त पुराव्याची कसोटी बदलते. नकोसा आकडा आला की त्याची उलटतपासणी होते, हवासा आला की त्याच्यासाठी पायघड्या. प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर रास्तच दिसतं, म्हणून आपण फसतोय हे त्या माणसाला जाणवत नाही.

पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तुमच्या घरातलाच वाटेल. विद्यार्थ्यांना सांगितलं की लाळेची पट्टी एका एन्झाइमची कमतरता दाखवते. पट्टी म्हणजे साधा पिवळा कागद. त्याचा रंग बदलणारच नव्हता. रंग न बदलणं म्हणजे कमतरता, असं ज्यांना सांगितलं होतं ते जास्त वेळ थांबले आणि त्यांनी पट्टी पुन्हा बुडवून पाहण्याचं प्रमाणही जास्त होतं. ज्यांच्यासाठी तीच पिवळी पट्टी चांगली बातमी होती, त्यांनी निकाल लवकर मान्य केला.

वडिलांची शंका अगदीच निराधार नाही, आणि गोम तिथेच आहे. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. मुदत संपलेल्या पट्ट्याही दगा देतात. शिवाय घरगुती मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या आकड्यांत 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे खरी साखर 180 असेल तर मशीन 153 ही दाखवू शकतं आणि 207 ही. दोन-तीनदा तपासून सर्वांत कमी आकडा धरला की प्रत्येक आकडा मशीनचाच असतो, तरी वहीतलं चित्र खोटं होतं. शंका एकाच बाजूला घेतली जाते, ही खरी चूक.

म्हणून ‘बाबा, तुम्ही स्वतःला फसवताय’ असं म्हणू नका. त्यांच्या मनाला तसा अनुभवच नाही, ते दुखावतील आणि आकडे लपवायला लागतील. नियम आधी ठरवा, आकडा दिसण्यापूर्वी. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. बोट फार पिळायचं नाही. पुन्हा तपासायचं असेल तर आकडा 95 येवो की 210, दोन्ही वेळा तपासायचं आणि दोन्ही आकडे शाईने लिहायचे, खाडाखोड नाही. वही त्यांच्याच हातात राहू द्या. विचारायचंच असेल तर हे विचारा : ‘रविवारी 95 आले तेव्हा दुसरी पट्टी का नाही लावली?’ डॉक्टर सांगतील त्या अंतराने एचबीएवनसी चाचणी करा. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिथे सोयीचा आकडा निवडता येत नाही. गोळ्यांत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल नको.

प्रश्न : खोटं बोलणारा नजर चुकवतो, हे खरं का? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : भरवशाची खूण नाही. घाबरलेलं खरं बोलणारं मूलही नजर चुकवतं. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 2006 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी 50 येतात. वर्गात चेहरा वाचत बसू नका. पडताळता येईल असं काही विचारा : कुठे बसला होतास, शेजारी कोण होतं, किती वाजता निघालास. मग शेजारच्याला वेगळं विचारा. यंत्रांवरही भिस्त नको. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र) आणि नार्को (औषध देऊन बोलतं करण्याची) चाचणी करण्यास मनाई केली.

प्रश्न : एकही शब्द खोटा न बोलता डॉक्टरांपासून काही लपवलं, तर ते खोटं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : ‘नरो वा कुंजरो वा’ आपण आजही म्हणतो ते याचसाठी. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला गेला होता, वाक्य खरं होतं. पण द्रोणांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून ते उच्चारलं गेलं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला. आमच्या मते फसवणूक शब्दांत नसते, ऐकणाऱ्याच्या मनात काय बसवायचं ठरवलं त्यात असते. डॉक्टरांना ‘काल साखर 148 होती’ सांगायचं आणि त्याआधीचे 212, 198 गिळायचे, हे त्याच जातीचं. जाताना मशीनच सोबत न्या. बहुतेक ग्लुकोमीटरच्या मेमरीत जुने आकडे राहतात.